सेतूच्या वाटेवरची छत्रे

तंजावरचे दुसरे सरफोजी राजे यांनी जानेवारी १८०१ मध्ये कंपनीचा रेसिडेंट बेंजामिन टोरिन याला एक पत्र पाठवले. राज्य जाऊन जेमतेम सव्वा वर्ष झाले होते. १७९९च्या तहाने मुलूख आणि त्याचा कारभार कंपनीकडे गेला, राजाकडे उरला तो तंजावरचा किल्ला आणि तनखा. तरी पत्रात मुलूख परत मागितलेला नाही. रामेश्वरच्या वाटेवरची अन्नछत्रे आणि त्यांच्या खर्चासाठी लावून दिलेली गावे मोडू नका, एवढेच म्हणणे आहे.

'छत्र' या शब्दापाशी थोडे थांबते, अनुवादकाची खोड आहे. मूळ संस्कृत 'सत्र'. त्याचे तमिळमध्ये चत्तिरम झाले, मराठीत अन्नसत्राचे अन्नछत्र. म्हणजे तमिळ गावाच्या पाटीवर जेव्हा 'चत्तिरम' वाचायला मिळते तेव्हा मराठी माणसाने ते परके समजायचे कारण नाही. आपल्याकडे मात्र हा शब्द मुख्यतः अन्नछत्री जेवून वर मिरपूड मागणाऱ्याच्या म्हणीत उरला आहे. सरफोजींच्या पत्रातली छत्रे मिरपूडही देत होती म्हणायला हरकत नाही: शिजवलेला भात ज्याला चालत नाही त्याला कोरडा शिधा, मसाल्यासकट.

पत्राचा इतर तपशील कानावर असलेल्यांनाही एक गोष्ट सांगावीशी वाटते. हे पत्र दानधर्माचे वर्णन म्हणून वाचले जाते, मी ते रस्त्याचे वर्णन म्हणून वाचते. छत्रात वैद्य असायचा, आणि त्याला काय काय यायला हवे तर सूज उतरवणे आणि साप-विंचवाचे विष उतरवणे. चालून सुजलेले पाय आणि पायवाटेवरचे जनावर या दोन शब्दांत दिसते. मध्यरात्री घंटा वाजवून, कोणी उपाशी राहिले असेल तर यावे, अशी हाक दिली जाई. म्हणजे लोक उन्हामुळे रात्री चालत असणार आणि अवेळी पोचत असणार. आजाऱ्याला बरा होईपर्यंत ठेवून घेणे, बाळंतिणीची देखभाल, तान्ह्यांना दूध, वाटेत मेलेल्याचे अंत्यसंस्कार, आणि परदेशी माणसे मागे पोरकी मुले ठेवून गेली तर त्यांना छत्राच्या पंतोजींच्या हवाली करणे. यातली प्रत्येक सोय कोणाच्या तरी गरजेवरून निघालेली आहे. ब्राह्मणापासून परैयरापर्यंत सर्वांना अन्न मिळते असे राजा अभिमानाने लिहितो. अन्न सर्वांना होते, पंगत एक नव्हती. शिजवलेल्या आणि कोरड्या शिध्याचा भेदच ते सांगून जातो. पण भुकेल्याची जात विचारून त्याला परत पाठवायचे नाही, हेही त्या काळात लहान नव्हते.

हा राजा मद्रासेत राहिलेला होता. तंजावरात वारशाचा तंटा पेटल्यावर १७९०च्या दशकात त्याला काही वर्षे इथे आणून ठेवले होते, आणि वेपेरीचे मिशनरी गेरिके त्याला शिकवत. मी चेन्नईत राहते, त्यामुळे वेपेरीच्या गर्दीतून जाताना हा कोवळा मराठी राजपुत्र मला हमखास आठवतो. कंपनीला कोणत्या शब्दांत लिहिले म्हणजे समजते, हे तो इथेच शिकला असावा.

चेन्नईहून आज रामेश्वरला गाडीने जायचे तर अंतर साडेपाचशे किलोमीटरांच्या वर आहे. किनाऱ्याचा रस्ता धरला की पुदुच्चेरीपर्यंत गर्दी, मग कावेरीच्या मुखाकडची भातशेती. नागपट्टणम मागे पडल्यावर हिरवा रंग हळूहळू उतरू लागतो. पुढे एका गावाचे नावच सेतुभावाचत्तिरम. ओरत्तनाडू आणि नीडामंगलम किनाऱ्यापासून आत आहेत. ओरत्तनाडूचे छत्र सरफोजींनी मुक्तांबाळ या आपल्या सखीच्या नावाने बांधले, त्याच्या एका भागाला दगडी चाके आणि घोडे कोरून रथाचे रूप दिले आहे. पायी येणाऱ्यांसाठी दगडाचा रथ. ही कल्पना मला फार आवडते.

मल्लिपट्टिणमजवळ मनोरा आहे. 'मिनार'चेच रूप. आठ मजल्यांचा हा षट्कोनी बुरूज सरफोजींनी बोनापार्टच्या पाडावाच्या आनंदात उभारला, आणि त्याचा लेख मराठी, तमिळ, तेलुगू, उर्दू, इंग्रजी अशा पाच भाषांत कोरला. लेखावरचे साल १८१४ आहे. तेव्हा वाटाडे सांगतात तशी ही वॉटर्लूची आठवण असू शकत नाही, ती लढाई पुढच्या वर्षीची. ज्या कंपनीने राज्य घेतले तिच्या विजयाचा स्तंभ आणि तिच्याकडूनच वाचवलेली छत्रे एकाच किनाऱ्यावर आहेत. मला यात विसंगती दिसत नाही. खुशामत हीसुद्धा एक राजकीय भाषा होती, आणि सरफोजींना ती पाचांतही लिहिता येत होती.

रामनाथपुरम जिल्ह्यात रस्ता सरळ, सपाट आणि उघडा होतो. दोन्ही बाजूंना करड्या मातीवर काटेरी झुडपांचे रान. आपण तिला वेडी बाभूळ म्हणतो, तमिळमध्ये ती सीमै करुवेलम. सीमै म्हणजे सीमेपलीकडची, विलायती. हिचे मूळ घर मेक्सिको आणि त्याच्या दक्षिणेचा मुलूख. ब्रिटिश अमलात जळणासाठी आणून लावली आणि मग आवरेनाशी झाली. म्हणजे सरफोजींच्या यात्रेकरूंनी हे रान पाहिलेले नाही, त्यांच्या वाटेला एवढीही सावली नव्हती. काशीची गंगा रामेश्वराला घालायची आणि सेतूची वाळू प्रयागला न्यायची, असा तो दुहेरी प्रवास. एकनाथांनी कावडीतले पाणी तहानेल्या गाढवाला पाजल्याची गोष्ट आपण पैठणच्या वाळवंटात ऐकतो. कावड कुठे निघाली होती ते लक्षात ठेवले की त्या पाण्याची किंमत कळते.

पांबनवर रेल्वेपूल १९१४ मध्ये झाला, मोटारींचा १९८८ मध्ये. आगगाडी आल्यावर यात्रेकरू छत्रांवरून चालेनासे झाले. बेटाच्या टोकाचे धनुष्कोडी रेल्वेमुळेच भरभराटीला आले, इथून लंकेतल्या तलैमन्नारला आगबोट सुटे. २२ डिसेंबर १९६४च्या रात्री वादळाने गाव, धक्का आणि पांबनहून येणारी आगगाडी प्रवाशांसह नेली. सरकारने जागा राहण्यास अयोग्य ठरवली. मग अर्धशतकाहून अधिक काळ तिथे जाणे म्हणजे वाळूतून आणि उथळ पाण्यातून उसळत जाणाऱ्या जीपमध्ये दांडी घट्ट धरून बसणे. अरिचलमुनैपर्यंतचा साडेनऊ किलोमीटरचा डांबरी रस्ता २०१७ मध्ये खुला झाला.

या रस्त्यावर चालवताना वळण नसते, झाड नसते, पेट्रोलपंप नसतो. एका हाताला बंगालचा उपसागर, दुसऱ्या हाताला मन्नारचे आखात, आणि मधली वाळू वाऱ्याने डांबरावर येते. तिच्यावर जोरात ब्रेक मारला तर चाक सरकते. आडवा वारा लहान गाडीला जाणवतो. पडक्या चर्चच्या भिंती आणि पाण्याची टाकी मागे जातात. काचेवर खारा थर बसतो, वायपर फिरवला की तो आणखी पसरतो. दिवस कलला की पोलीस गाड्या परत वळवतात. हा रस्ता जिथून सुरू होतो त्या ठिकाणाचे नाव मुकुंदरायर चत्तिरम.