अक्षरपूर्व बालकांसाठी रचलेल्या संगणकीय आज्ञावली : शब्द, कळ आणि चित्र

ज्या बालकाला अद्याप लिपी अवगत नाही, परंतु ज्याची बोली पुरेशी समृद्ध झालेली आहे, त्याच्या हाती संगणक द्यावयाचा, तर त्याने त्या यंत्राशी बोलावयाचे कोणत्या भाषेत? विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील काही संशोधकांपुढे हा प्रश्न उभा राहिला. त्याचा इतिहास सामान्यतः सुलभीकरणाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. आधी अवघड शब्द होते, मग सोप्या कळा आल्या आणि शेवटी अत्यंत सोपी चित्रे आली, असा त्या कथनाचा क्रम असतो. हा क्रम कालदृष्ट्याही सर्वस्वी खरा नाही, आणि भाषाशास्त्राच्या दृष्टीने तर तो मूळ प्रश्नच दृष्टिआड करतो. प्रत्येक टप्प्यावर भाषेचा कोणता घटक बालकाच्या हाती ठेवला गेला आणि कोणता काढून घेतला गेला, हे पाहणे अधिक फलदायी होईल.

आरंभ लोगो या भाषेपासून करणे क्रमप्राप्त आहे. १९६७ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथील बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन या संस्थेत वॉलेस फ्यूर्झाइग, सीमोर पॅपर्ट, सिंथिया सॉलोमन आणि डॅनियल बॉब्रो यांनी ती सिद्ध केली. ‘शब्द’ अथवा ‘विचार’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून तिचे नाव पडले, आणि ते आरंभी अन्वर्थकही होते. कारण प्रारंभीच्या लोगोमध्ये चित्रकला नव्हती. शब्द आणि वाक्ये यांची जुळवाजुळव हाच तिचा विषय होता. पुढे सर्वपरिचित झालेले कासव, म्हणजे पोटाशी लेखणी बाळगून जमिनीवर पसरलेल्या कागदावर रेघ काढीत जाणारे यंत्र, १९७० च्या सुमारास तिला येऊन मिळाले. ब्रिस्टल येथे ग्रे वॉल्टर यांनी १९४० नंतरच्या दशकाच्या अखेरीस यांत्रिक कासवे बनविली होती; नाव तेथून आले. पॅपर्ट यांनी जिनिव्हा येथे पियाजे यांच्यासमवेत काम केलेले होते. बालक आपल्या देहाच्या हालचालींवरून कासवाची हालचाल ताडू शकते, या त्यांच्या आग्रहामागे त्या सहवासाचा प्रभाव स्पष्ट दिसतो.

लोगोची एक व्याकरणिक लकब येथे विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. तिच्यात नव्या कृतीची व्याख्या ‘टू’ या इंग्रजी शब्दाने सुरू होते. हा इंग्रजीतील क्रियार्थक नामाचा चिन्हशब्द होय. ‘टू स्क्वेअर’ असे लिहिणारा विद्यार्थी वस्तुतः एक नवे क्रियापद घडवीत असतो. मराठीत तेच करावयाचे तर ‘णे’ प्रत्यय लावून ‘चौरसणे’ असा धातू पाडावा लागेल. यंत्राला अपरिचित शब्द दिला असता पडद्यावर येणारा संदेशही याच धाटणीचा असे : अमुक कसे करावयाचे ते मला ठाऊक नाही. यंत्राच्या अज्ञानाचा कबुलीजबाब अशा रीतीने विद्यार्थ्याला शिक्षकाच्या आसनावर बसवीत असे. नामकरणाची ही शक्ती लोगोचा खरा गाभा आहे. काढलेल्या आकृतीला नाव दिले की ते नाव दुसऱ्या आकृतीच्या रचनेत वापरता येते, आणि इतकेच नव्हे तर स्वतःच्याच व्याख्येतही वापरता येते.

परंतु या शक्तीचे मूल्य अक्षरज्ञानाच्या नाण्यात मोजून द्यावे लागे. १९६७ च्या पहिल्या शालेय प्रयोगातील विद्यार्थी पाचवी-सहावीतील होते. शब्दाचे वर्णलेखन अचूक हवे, शब्द आणि अंक यांच्यामध्ये रिकामी जागा हवी, शेवटी आज्ञा संपल्याची कळ दाबावयास हवी. ‘पुढे’ आणि ‘पन्नास’ जोडून लिहिले तर यंत्राच्या दृष्टीने तो एक अनोळखी शब्द ठरे. शब्दांमधील अंतर ही लेखनाची रूढी आहे, बोलीची नव्हे. चार वर्षांच्या मुलाच्या कानाला ते अंतर ऐकू येत नाही. तेव्हा भूमितीची समज असूनही लेखनाच्या रूढीपाशी मूल अडत असे.

या अडचणीवरील सर्वांत मूलगामी उपाय मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या कृत्रिम प्रज्ञा प्रयोगशाळेत रेडिया पर्लमन या विद्यार्थिनीने १९७४ ते १९७६ या काळात योजला. तो घरगुती संगणकांचा प्रसार होण्यापूर्वीचा आहे, ही गोष्ट वर उल्लेखिलेल्या रूढ कालक्रमाला छेद देते. तिच्या ‘टॉर्टिस’ या योजनेत कळफलकच काढून टाकलेला होता. त्याच्या जागी कळांच्या पेट्या आल्या. पहिल्या पेटीत पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे, लेखणी वर, लेखणी खाली अशा क्रिया होत्या. दुसरीत अंक होते. अंक दाबून मग क्रिया दाबली की ती क्रिया तितक्या वेळा घडे. तिसरी पेटी स्मरणाची. ‘लक्षात ठेवू लाग’, ‘पुरे कर’ आणि ‘आता करून दाखव’ अशा अर्थाच्या तिच्या कळा होत्या. पेट्या एकदम न देता एकेक करून द्यावयाच्या, हाही योजनेचा भाग होता. आधी क्रियापद, मग संख्याविशेषण, मग वाक्यसमूहाचे स्मरण, अशी ही चढण भाषासंपादनाच्या अभ्यासकाला परिचित वाटल्यावाचून राहणार नाही.

स्मरणपेटीत मात्र एक उणीव होती. लक्षात ठेवलेली मालिका कोठेच दिसत नसे. ती यंत्राच्या पोटात असे, आणि तिच्यात चूक कोठे झाली हे बोट ठेवून दाखविणे अशक्य होते. म्हणून पर्लमनने दुसरे साधन केले. त्यात खाचांच्या लांब पट्ट्या असून प्रत्येक पट्टी निराळ्या रंगाची होती. क्रिया दर्शविणारे पत्ते मुलाने त्या खाचांत ओळीने खोवावयाचे आणि पट्टीच्या टोकाची कळ दाबावयाची. ज्या पत्त्याची आज्ञा चालू असेल त्याच्यापाशी दिवा लागे. चुकीचा पत्ता उपटून दुसरा खोवता येई. आज्ञावलीचे शुद्धलेखन लिहिता न येणाऱ्या मुलाला करता यावे, हे येथे प्रथम साध्य झाले.

याहूनही महत्त्वाचे ते रंगीत पत्ते. तांबडा पत्ता म्हणजे ‘तांबड्या पट्टीत जे आहे ते कर’ ही आज्ञा. निळ्या पट्टीत तांबडा पत्ता खोवला की एक मालिका दुसरीत सामावली जाई, आणि तांबड्याच पट्टीत तांबडा पत्ता खोवला तर ती मालिका स्वतःलाच पुन्हा हाक मारी. आवर्तन ही संकल्पना पुष्कळ पदवीधरांनाही जड जाते. ती येथे एका पत्त्यात मावलेली आहे. रंग हेच येथे नाव होते. लिपी काढून घेतली तरी नामकरण काढून घेतले गेले नाही, हे या योजनेचे मर्म होय. वाणी आणि लेखन यांचा भेद सैद्धांतिक ग्रंथांत कितीही सांगितला गेला असला, तरी यंत्ररचनेत तो इतक्या नेमकेपणाने क्वचितच उतरला असेल.

हे काम पर्लमनने पुढे चालविले नाही. आसपास स्त्रिया जवळजवळ नव्हत्या, आणि लहान मुलांसमवेत काम करीत राहिल्यास शास्त्रज्ञ म्हणून आपल्याला गांभीर्याने घेतले जाणार नाही असे वाटले, असे तिने नंतर मुलाखतींतून सांगितले आहे. संगणकजालांच्या क्षेत्रात तिने पुढे मिळविलेली कीर्ती सर्वश्रुत आहे. परंतु बालकांसाठी केलेले काम ते बालिश, ही विद्याक्षेत्रातील समजूत येथे एका संशोधनाचा मार्ग अडवून गेली, याची नोंद इतिहासाने करावयास हवी. अशी समजूत केवळ त्या देशापुरती किंवा त्या विद्येपुरती होती, असे मानण्यास आधार नाही.

यानंतर संगणक शाळांत आणि घरांत शिरला तो स्वस्त पण तुटपुंज्या स्वरूपात. १९८२ मध्ये ॲपल टू या संगणकावर लोगो उपलब्ध झाली, तेव्हा तिला ६४ किलोबाइट स्मृती लागे. म्हणजे यंत्राची मूळची ४८ आणि जोडपट्टीने वाढविलेली १६. खाचांच्या पट्ट्या आणि पत्ते कोणी विकत देणार नव्हते; हाती होता तो कळफलक. तेव्हा ‘इन्स्टंट’ नावाची एक छोटी आज्ञावली शिक्षकांच्या उपयोगी पडली. हेरॉल्ड अबेल्सन यांच्या १९८२ च्या लोगोविषयक पुस्तकात ती विस्ताराने समजावलेली आहे. तिची रचना इतकी साधी की कोणाही शिक्षकाने दहा-पंधरा ओळींत स्वतः लिहावी. यंत्राने एक कळ दाबली जाण्याची वाट पाहावयाची. ‘एफ’ असेल तर कासव पुढे, ‘आर’ असेल तर उजवीकडे, ‘एल’ असेल तर डावीकडे. आणि पुन्हा पहिल्यापासून वाट पाहावयाची. वर्णलेखन गेले, अंतर गेले, आज्ञा संपविण्याची कळही गेली. उरले ते एक अक्षर, आणि तेही वाचावयाचे नव्हे, ओळखावयाचे.

विस्तारित रूपात ही आज्ञावली दाबलेल्या प्रत्येक कळीची यादी ठेवीत असे. शेवटची कृती रद्द करावयाची तर पडदा पुसून, अखेरची कळ वगळून, यादी आरंभापासून पुन्हा चालवावयाची. चित्र हे येथे प्रत साठवून परत येत नाही. ते पुन्हा घडविले जाते. मुलाला आपले चित्र पुन्हा जन्म घेताना दिसे. त्या यादीला नाव देऊन ती पुन्हा बोलावण्याचीही सोय होती. परंतु नाव टंकावे लागे, म्हणजे लिपी मागील दाराने परत आत आली.

ओरेगन विद्यापीठात कला शिकविणारे क्रेग हिकमन यांची ‘किड पिक्स’ ही चित्रलेखनाची आज्ञावली या परंपरेची वारसदार नाही. ती एका घरात जन्मली. त्यांचा मुलगा बेन तीन वर्षांचा असताना, १९८८ मध्ये, मॅकिंटॉश संगणकावर चित्रे काढू लागला. माउस त्याला लगेच साधला. परंतु चुकून उघडणाऱ्या यादींनी आणि मध्येच येणाऱ्या प्रश्नचौकटींनी तो अडे. हिकमन यांनी नवी आज्ञावली रचून १९८९ मध्ये ती विनामूल्य वाटली. १९९१ मध्ये ब्रोडरबंड या प्रकाशनसंस्थेने तिची विक्रीची आवृत्ती काढली. सर्व साधने सदैव पडद्यावर, वरची यादी लपविण्याची सोय, प्रत्येक साधनाला निराळा आवाज, चूक परत घेण्यासाठी एक चेहरा, आणि सबंध चित्र फटाक्याने उडवून देणारा खोडरबर.

या फटाक्याला अनेक शिक्षणतज्ज्ञांनी निव्वळ करमणूक मानले असेल, पण तो तसा नाही. पुसणे हीच जेथे आनंदाची कृती होते, तेथे चुकण्याचे भय उरत नाही. लोगोच्या सौम्य संदेशालाही हे पूर्णतः साधले नव्हते. मात्र किड पिक्समध्ये क्रियांच्या मालिकेला नाव देऊन ती पुन्हा करवून घेता येत नसे. मूल तेथे मनसोक्त उद्गारते, परंतु नवे क्रियापद घडवीत नाही. दोहोंपैकी श्रेष्ठ कोणते हा प्रश्न निरर्थक असला, तरी दोन्ही एकच आहेत असे समजून त्यांना ‘सर्जनशील’ या एका विशेषणाखाली बसविणे चुकीचे आहे.

टफ्ट्स विद्यापीठ आणि मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी यांच्या सहकार्यातून २०१४ मध्ये पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठी ‘स्क्रॅच ज्युनियर’ प्रसिद्ध झाली. तिच्या ठोकळ्यांवर शब्द नाहीत, चित्रे आहेत. ठोकळे डावीकडून उजवीकडे एका ओळीत जोडावयाचे असतात. एका ओळीने दुसरीला हाक मारावयाची असेल तर त्यासाठी लिफाफ्याचे चित्र असलेला ठोकळा आहे. लिफाफ्यांना नावे नाहीत. तांबडा लिफाफा पाठविला की तांबड्या लिफाफ्याने सुरू होणारी ओळ चालू लागते.