अर्ध्यावरचा डाव कुठे राहतो?

व्हिडिओ गेमचा इतिहास बहुधा यंत्रांचा आणि कंपन्यांचा लिहिला जातो. खेळणाऱ्याने अर्ध्यावर सोडलेला डाव रात्रभर कुठे राहत असे, हा प्रश्न मागे पडतो.

1986 साली जपानात आलेल्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’मध्ये तो यंत्रात राहतच नसे. पडद्यावर वीस हिरागाना अक्षरांचा ‘मंत्र’ उमटे. तो वहीत उतरवायचा आणि पुढच्या वेळी जसाच्या तसा भरायचा. दुसऱ्या भागात हा मंत्र 52 अक्षरांपर्यंत गेला. एक अक्षर चुकले की सगळी मेहनत पाण्यात! पण त्या कागदाचा गुण असा की, तो मित्राच्या घरी नेला तरी डाव तिथून पुढे सुरू होई.

1987 मध्ये ‘द लेजंड ऑफ झेल्डा’ अमेरिकेत आला, तो कार्ट्रिजमध्ये बॅटरी घेऊन. वीज गेली की सगळे विसरणारी स्मृतिचिप त्या बॅटरीवर जागी राही. वही सुटली, पण डाव त्या एका डबीत अडकला.

1996 च्या ‘पोकेमॉन’ने दोन गेम बॉय तारेने जोडले. अदलाबदल झाली की दोन्ही कार्ट्रिजमध्ये नोंद व्हायची. नेमक्या क्षणी एक यंत्र बंद केले, तर त्यात जुनीच नोंद राही आणि एकच प्राणी दोन्हीकडे दिसे. पोरांनी ही युक्ती हौसेने वापरली. माझ्या मते आजच्या ‘सिंक’च्या दुखण्याचे मूळ रूप इथेच दिसते.

आता तोच डाव म्हणजे 32 किलोबाइटची फाइल. ती फोनवर, खिशातल्या छोट्या यंत्रावर, संगणकावर, सगळीकडे असते आणि ‘सिंकथिंग’सारखी प्रणाली ती एकसारखी ठेवू पाहते. मात्र काही एम्युलेटर खेळ नीट बंद केल्यावरच फाइल लिहितात. यंत्र नुसते झोपवले तर पुढे जाते ती कालचीच प्रत. काही स्वस्त यंत्रांना स्वतःचे घड्याळ नसते, त्यामुळे ‘नवी तारीख ती खरी प्रत’ हा नियमही फसतो. दोन्हीकडे बदल झाला असेल, तर सिंकथिंग एक प्रत वेगळ्या नावाने बाजूला ठेवते. वापरणारे या जादा फाइलींवर वैतागतात, पण मला ते वागणे शहाणपणाचे वाटते. पाठभेद दिसला म्हणून जुनी पोथी कोणी फाडत नाही. ‘सेव्ह स्टेट’चे प्रकरण वेगळे. ते त्या एम्युलेटरच्या क्षणाचे छायाचित्र. दुसऱ्या एम्युलेटरला ते बहुधा वाचता येत नाही. यंत्रे बदलायची असतील तर खेळाच्या आतूनच सेव्ह करावे.

मूळ कार्ट्रिजमधल्या बॅटऱ्या आता संपत आल्या आहेत. 1999 च्या ‘गोल्ड’ आणि ‘सिल्व्हर’मध्ये त्याच बॅटरीवर घड्याळही चाले, म्हणून त्या आधी संपतात. खेळाच्या प्रती अनेकांकडे आहेत, पण एखाद्या मुलाने आपल्या प्राण्यांना ठेवलेली नावे फक्त त्याच्याच डबीत आहेत. बॅटरी काढली की तीही गेली. म्हणून आधी कार्ट्रिज वाचणाऱ्या उपकरणाने ती फाइल उतरवून घ्यावी, मगच डबी उघडावी.