संवादाची प्रकरणे : म्हाइंभट आणि केसोबास

प्राचीन मराठी गद्याच्या उत्तरपत्रिका तपासताना एक विधान हमखास भेटते. चक्रधरांनी अनुयायांना कन्नड व तेलंग देशांत जाऊ नये, महाराष्ट्रात राहावे असे सांगितले. म्हणून ते मराठी अस्मितेचे आद्य उद्गाते होत. हदगावात बसून हे वाचताना थोडे हसू येते. तेलंगणाची सीमा आमच्या नांदेड जिल्ह्याला लागून आहे आणि इथल्या कित्येक घरांच्या सोयरिकी सीमेपलीकडे आहेत. परंतु हा विषय हसण्यावारी नेता येत नाही. एखादे वाक्य त्याच्या संवादातून सुटे करून हाती दिले, तर विद्यार्थ्याने दुसरे काय करावे?

बोलणे विखुरले तर ते कसे लावावे, हा प्रश्न महानुभावांपुढे तेराव्या शतकातच उभा राहिला होता. ज्या पंथाचे तीर्थस्थान असलेले माहूर आमच्याच जिल्ह्यात आहे, त्या पंथाने या प्रश्नाला दिलेले उत्तर आजही विचार करण्याजोगे आहे.

चक्रधरांनी स्वतः ग्रंथ लिहिला नाही. त्यांचे सांगणे प्रसंगाप्रसंगाने झाले. कधी महदाइसेने शंका विचारली, कधी बाइसांशी बोलणे झाले, कधी भटोबासांना निरूपण केले. त्यांच्या प्रयाणानंतर म्हाइंभटांनी, ज्यांनी पाहिले-ऐकले होते त्यांच्याकडे जाऊन आठवणी गोळा केल्या, भटोबासांच्या म्हणजेच नागदेवाचार्यांच्या साहाय्याने त्या पारखल्या आणि ‘लीळाचरित्रा’त एकांक, पूर्वार्ध व उत्तरार्ध अशा लावल्या. ही रचना मुख्यतः काळाच्या ओघाने जाते. कोण बोलले, कोठे बोलले, बोलणे कशावरून निघाले, हे तिच्यात टिकते. मात्र एकच विषय अनेक लीळांत विखुरला जातो. अहिंसेविषयी चक्रधरांचे म्हणणे काय, असे कोणी विचारले तर सशाला अभय दिल्याची लीळा चटकन आठवते. बाकीचे शोधत बसावे लागते.

केसोबासांनी याच बोलण्याला दुसरी शिस्त लावली. ‘सूत्रपाठा’त चक्रधरांची वचने विषयवार एकत्र आली. विचार, आचार, संहार, संसरण, उद्धरण अशी त्याची प्रकरणे आहेत. याचा पहिला लाभ उघड आहे : हवे ते एका जागी सापडते. दुसरा लाभ अधिक मोलाचा आहे. निरनिराळ्या वेळी, निरनिराळ्या माणसांना सांगितलेल्या गोष्टी शेजारी आल्या की त्या परस्परांचा अर्थ उलगडू लागतात.

आरंभी उल्लेखिलेले वचन याचेच उदाहरण आहे. ते येते आचार प्रकरणात, म्हणजे संन्यस्त साधकाने कसे वागावे या विषयाखाली. त्या देशांत विषयांची विपुलता आहे आणि तपस्व्यांना मान मिळतो, हे कारणही तेथेच सांगितलेले आहे. देशाच्या टोकाला, झाडातळी आयुष्य घालवावे अशा आशयाची सूत्रेही त्याच प्रकरणात भेटतात. या शेजारात ते वाचले की भाषाभिमान मागे पडतो आणि मानापासून, सुखापासून दूर राहण्याचा उपदेश समोर येतो.

मात्र या व्यवस्थेची किंमतही आहे. सूत्र झाले की प्रश्न विचारणारे माणूस गळते. एका व्यक्तीला, एका क्षणी सांगितलेली गोष्ट सर्वांसाठी, सर्वकाळ नियम होऊन बसते. महदाइसेसारख्या चिकित्सक बाईची शंका त्या उत्तरामागे होती की नाही, हे सूत्रावरून कळत नाही. ही उणीव परंपरेलाही जाणवली असावी. ‘प्रकरणवश’ या ग्रंथात सूत्रे कोणत्या प्रसंगी निघाली ते सांगितले आहे. म्हणजे विषयाचा धागा पुन्हा प्रसंगाशी बांधला आहे. ‘दृष्टांतपाठा’त तर केसोबासांनीच 114 दृष्टांत सूत्र आणि दार्ष्टांतिक यांच्यासह मांडले. वचन, कथा आणि त्या कथेचा रोख ही तिन्ही तेथे एकमेकांना सोडत नाहीत.

म्हणून वर्गात आता आम्ही ‘लीळाचरित्र’ आणि ‘सूत्रपाठ’ एकाच वेळी उघडे ठेवतो. कोणतेही वचन उद्धृत करण्यापूर्वी विद्यार्थ्याने दोन प्रश्नांची उत्तरे द्यायची : याच्या शेजारी काय आहे, आणि हे कोणाला सांगितले होते? पहिले उत्तर केसोबास देतात, दुसऱ्यासाठी म्हाइंभटांकडे जावे लागते. एकालाच विचारून भागवले की चक्रधरांच्या तोंडी आपलेच म्हणणे घातले जाते.