मतपेटीवरची चित्रे

माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती. मी सात-आठ वर्षांचा असताना गावात ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. कोणाची निशाणी कोणती, हे शेजारच्या काकूंच्या काही केल्या लक्षात राहीना. तेव्हा आजीने परातीतल्या पिठावर बोटाने कंदील काढून दाखवला. खाली टाकी, मध्ये काच, वर टोपी. मग क्षणभर थांबून तिने वरून एक अर्धगोल रेघ ओढली आणि म्हणाली, “ही कडी हवी गं. कडी नसली तर बरणी होते.”

पुढे इतिहास शिकवू लागल्यावर पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीचा धडा आला, की मला हटकून ही परात आठवते. वाचकहो, आजच्या मुलांना त्या वेळची अडचण नीटशी समजत नाही. ऑक्टोबर १९५१ ते फेब्रुवारी १९५२ या काळात मतदान झाले. मतदार होते सुमारे १७ कोटी ३० लाख. आणि १९५१ च्या जनगणनेप्रमाणे साक्षरांचे प्रमाण शेकडा १८ च्या आसपास! म्हणजे उमेदवाराचे नाव कितीही ठळक छापले, तरी बहुसंख्य लोकांना ते काळ्या रेघोट्यांसारखेच. वाचता येत नाही त्याला मताचा अधिकार कशाला, असे म्हणणारी शहाणी मंडळी तेव्हाही होतीच. घटनेने त्यांचे ऐकले नाही. पण घटनेत लिहिलेला अधिकार त्या मतदाराच्या हातात प्रत्यक्ष द्यायचा कसा, हा प्रश्न पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्या कचेरीपुढे येऊन पडला.

उत्तर सापडले ते घरात, गोठ्यात आणि शेतात. लोकांना अक्षरे वाचता येत नसतील, पण वस्तू तर वाचता येतात ना? मग वस्तूच छापा. काँग्रेसला जोखडातली बैलजोडी मिळाली, समाजवादी पक्षाला झाड, किसान मजदूर प्रजा पक्षाला झोपडी, कम्युनिस्टांना विळा आणि कणीस, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनला हत्ती, जनसंघाला दिवा. आपल्याकडे त्या दिव्याची लगेच ‘पणती’ झाली आणि पणतीच राहिली. त्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे आणि पेटीवर त्याची निशाणी चिकटवलेली असे. मतदाराने कागदावर काही लिहायचे नव्हते. आपली निशाणी असलेल्या पेटीत मतपत्रिका टाकायची, की झाले. अशा बारा लाखांवर पोलादी पेट्या आपल्या विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात तयार झाल्या होत्या. एका मतपत्रिकेवर सगळी नावे आणि सगळ्या निशाण्या छापून शिक्का मारायचा, ही पद्धत सर्वसाधारणपणे १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून आली.

या पद्धतीने चित्राची परीक्षा अधिक कडक झाली. पेटीवर चित्र एकटे असे. मतपत्रिकेवर त्याला शेजारी आले. चित्र लहान, कागद साधा, छपाई काळी-पांढरी. छपाईत शाई थोडी जास्त झाली, की बारीक रेघा एकमेकींत मिसळणार. अशा ठिकाणी सुंदर चित्राचा काय उपयोग? सायकल समोरून काढली, तर ती नुसती उभी काठी दिसते. ती बाजूनेच काढली पाहिजे, म्हणजे दोन्ही चाके दिसतात. छत्री मिटलेली काढली तर काठी, उघडलेली काढली तर छत्री. प्रत्येक वस्तूत एक अशी रेघ असते, की ती गेली तर वस्तूच बदलते. आजीची कडी ती हीच.

हे काम वर्षानुवर्षे केले ते निवडणूक आयोगातल्या एका ड्राफ्ट्समनने. त्यांचे नाव एम. एस. सेठी. सामान्य माणसाला चटकन ओळखता येतील अशा वस्तू आयोगातली माणसे बसून सुचवीत आणि सेठी त्या पेन्सिलीने कागदावर उतरवीत. सप्टेंबर १९९२ मध्ये ते निवृत्त झाले, आणि पुढेही त्यांची रेखाटने मुक्त चिन्हांच्या यादीत चालत राहिली. टेबल, शिट्टी, टेलिफोन, शिवणयंत्र! आज ग्राफिक डिझाइन या भारदस्त नावाखाली जे शिकवले जाते, त्याचा एवढा मोठा प्रयोग जगात फार थोड्या ठिकाणी झाला असेल. पण सेठींचे नाव माझ्या एकाही विद्यार्थ्याने ऐकलेले नव्हते. खरे सांगायचे तर, परवापरवापर्यंत मीही नव्हते ऐकले.

वस्तू निवडताना आयोगाने सुरुवातीलाच एक पथ्य घातले होते. धार्मिक किंवा भावनिक ओढ असलेली वस्तू नको: गाय नको, देऊळ नको, राष्ट्रध्वज नको, चरखाही नको. पथ्य योग्यच, पण दिल्लीत बसून हे ठरवणाऱ्यांनी आपला पोळा पाहिला नसावा. शिंगांना बेगड आणि पाठीवर झूल चढवून ज्यांची पूजा होते, त्या बैलांना भावनेपासून वेगळे काढायचे कसे? आणि गंमत बघा, काँग्रेस फुटल्यावर ती बैलजोडी गोठवली गेली आणि १९७१ च्या निवडणुकीत इंदिरा गांधींच्या पक्षाला चिन्ह मिळाले गाय-वासरू. ज्या गाईला वीस वर्षांपूर्वी दारातच अडवले, ती शेवटी मतपत्रिकेवर आलीच.

चित्राला नावही लागते, हे मात्र आपल्याला फार उशिरा, २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत कळले. राष्ट्रवादी काँग्रेसच्या शरद पवार गटाचे चिन्ह होते ‘तुतारी वाजवणारा माणूस’. मुक्त चिन्हांत ट्रम्पेट नावाचे विलायती वाद्य होते आणि मराठी यादीत त्याचेही नाव पडले ‘तुतारी’! साताऱ्यात पहिल्या दोन उमेदवारांत सुमारे ३२ हजार मतांचे अंतर पडले आणि त्या नुसत्या ‘तुतारी’ला सुमारे ३७ हजार मते मिळाली. ती सगळी चुकून पडली असे मी म्हणणार नाही. मतदाराच्या मनात कोण शिरणार? पक्षाने तक्रार केली आणि त्याच वर्षी जुलैत आयोगाने ते चिन्ह गोठवले. चित्रे वेगवेगळी होती. पण प्रचारात लोकांनी कानांनी ‘तुतारी’ ऐकली होती आणि मतदानयंत्रावर डोळे तीच शोधत होते. माणूस काढून टाकला, की उरले काय? पुन्हा कडी आणि बरणी.

अलीकडच्या याद्यांत लॅपटॉप आहे, पेन ड्राइव्ह आहे, सीसीटीव्ही कॅमेरा आहे. गेल्या वर्षी मी वर्गात मुलांना, न बघता कंदील काढा, असे सांगितले. पुष्कळांनी काच काढली, ज्योतही काढली. कडी सात जणांनी काढली; वर्गात चाळीस होते.