१७ फेब्रुवारी : महालातली प्रयोगशाळा

१९५१ साली आजच्या दिवशी पंडित नेहरूंनी लखनऊत केंद्रीय औषध संशोधन संस्थेचं उद्घाटन केलं. जागा कोणती, तर गोमतीकाठची नवाबी छत्तर मंझिल!

संस्थेतल्या एच. के. सिंग आणि बी. एन. धवन यांनी ब्राह्मीचा अर्क उंदरांना देऊन पाहिला. उंदीर नवं काही लवकर शिकू लागले. शोधनिबंध आला १९८२ मध्ये. योगायोग असा, की त्याच वर्षी अमेरिकेत स्टॅन्ली प्रुसिनर यांनी ‘प्रायॉन’ची कल्पना मांडली. घडी बिघडलेलं प्रथिन शेजारच्या निरोगी प्रथिनांचीही घडी बिघडवतं आणि मेंदूची चाळण होते. अनेकांनी तेव्हा नाकं मुरडली. १९९७ मध्ये प्रुसिनर यांना नोबेल मिळालं.

अल्झायमरमध्येही प्रथिनांची घडीच बिघडते. ब्राह्मी मात्र त्यावरचा सिद्ध उपाय नव्हे, जाहिराती काहीही म्हणोत.