३. स्टेन चार

स्टेन : आयर्लंडमधील प्राथमिक शाळांच्या प्रमाणित चाचण्यांत गुण सांगण्याची १ ते १० अशी मोजपट्टी. सरासरी ५.५. ‘स्टेन चार’ म्हणजे दहापैकी चार किंवा ४० टक्के नव्हे; ती त्या इयत्तेतील देशभरच्या मुलांमधली जागा असते आणि चारच्या घरात सुमारे १५ टक्के मुले येतात. उदाहरणार्थ शॅनन घ्या : हे क्लेअर काउंटीतील, विमानतळाच्या आधाराने १९६०च्या दशकात वसवलेले शहर. २०१२पासून तेथील शाळांतही, देशात इतरत्र घेतात तशा, इंग्रजी वाचन व गणिताच्या या चाचण्या दुसरी, चौथी व सहावीत होतात. प्रचलित संचांपैकी ‘मिकरा-टी’ जवळच्या लिमरिकमधील मेरी इमॅक्युलेट कॉलेजच्या नावाने ओळखला जातो.

घरी मराठी बोलणाऱ्या मुलाचे गणिताचे स्टेन जपूनच वाचावे लागते. वजाबाकी हातचा मळ असलेले मूल ‘हाऊ मेनी फ्यूअर’ या शब्दांपाशी अडते. मग मोजले जाते ते गणित की इंग्रजी? इंग्रजी पुरेसे नसलेल्या स्थलांतरित मुलाला मुख्याध्यापक चाचणीतून वगळू शकतात. अर्थात वगळणे म्हणजे न्याय्य मापन नव्हे. धारवाडचे व्ही. व्ही. कामत यांनी १९३०च्या दशकात बिने बुद्धिमापन चाचणी मराठी व कन्नड मुलांसाठी नव्याने बसवली, तीही परक्या भाषेतले प्रश्न जसेच्या तसे चालत नाहीत म्हणूनच.