वैद्यकी बाडांतील ‘मध’ : वाचन आणि अर्थनिर्णय

जुन्या घराच्या दप्तरांतून महजर किंवा वतनपत्र निघालें म्हणजे त्याची नक्कल तत्काळ होते. त्याच रुमालांत औषधांचें बाड निघालें तर तें पुन्हां बांधून ठेविलें जातें. आमच्या रिसोड-वाशीम भागांतही याहून निराळें घडत नाहीं. वास्तविक वैद्यकाच्या इतिहासांत हा मुलूख उपेक्षणीय नव्हे. वाशीम म्हणजे वाकाटकांचें वत्सगुल्म हें सर्वश्रुत आहे. पण यादवकाळीं याच विदर्भांतील केशव वैद्यानें ‘सिद्धमंत्र’ हा द्रव्यगुणांचा ग्रंथ रचिला, त्यावर त्याचा पुत्र बोपदेव यानें टीका लिहिली, आणि बोपदेवाचा आश्रयदाता हेमाद्रि यानें ‘अष्टांगहृदया’वर ‘आयुर्वेदरसायन’ लिहिलें, याची आठवण क्वचितच केली जाते. या परंपरेच्या अगदीं शेवटच्या टोकास हीं मोडी बाडें आहेत. त्यांत वारंवार येणारा व तितक्याच निष्काळजीपणें वाचला जाणारा शब्द ‘मध’ हा होय.

पहिली अडचण लिपीची. संस्कृतांत ‘मधुक’ म्हणजे ज्येष्ठमध व ‘मधूक’ म्हणजे मोहाचें झाड. ‘मधु’ म्हणजे मध, आणि प्रसंगीं मद्यही. मोडींत उकाराचा ऱ्हस्वदीर्घ भेद पाळीत नाहींत व शब्दही तोडीत नाहींत. मग ‘मधु’ या शब्दापुढें ‘कणा’, म्हणजे पिंपळी, आली कीं वाचणारा ‘मधुक’ येथेंच थांबतो आणि मधाच्या जागीं ज्येष्ठमध घालतो! पिंपळी मधांतून देणें हें खोकल्यावरील नित्याचें औषध असल्यानें ही चूक घडण्यास जागा पुष्कळ. निर्णय क्रियापदावरून करावा. मध हा बहुधा अनुपान म्हणून कलमाच्या शेवटीं येतो आणि ‘चाटवावें’ किंवा ‘कालवावें’ असें क्रियापद त्याच्यामागें असतें. ज्येष्ठमधाचें वजन मासे-तोळ्यांत दिलेलें असतें व तें इतर द्रव्यांबरोबर कुटावयाचें असतें. मोह असेल तर फूल कीं साल हें बहुधा सांगितलेलें असतें. जें कुटून वस्त्रगाळ करावयास सांगितलें तें मध नव्हे, एवढें ध्यानीं ठेविलें तरी निम्मीं कलमें उलगडतात.

दुसरा प्रश्न, मध कोणत्या माशीचा? चरकानें मधाचे चार प्रकार मानिले: माक्षिक तेलाच्या वर्णाचा, पौत्तिक तुपाच्या, क्षौद्र कपिल व भ्रामर पांढरा, पैकीं माक्षिक श्रेष्ठ. सुश्रुतानें संख्या आठांवर नेली. सोळाव्या शतकांतील ‘भावप्रकाशां’त प्रत्येक माशीचें वर्णनही आहे, आणि तें रानांतील मोहोळांशीं ताडून पाहण्याजोगें आहे. मोठ्या पिंगट माशीचें माक्षिक म्हणजे आमचें आग्या मोहोळ, हें मला जवळजवळ निश्चित वाटतें. उंच फांदीस, कड्यास किंवा देवळाच्या शिखरास लोंबणारें एकच उघडें पोळें तें हेंच. लहान कपिल माशीचें क्षौद्र ठरविणें अवघड आहे. झाडाच्या ढोलींत एकापुढें एक अनेक पोळीं बांधणारी सातेरी आणि झुडुपावर तळहाताएवढें पोळें करणारी फुलोरी या दोहोंचाही त्यावर हक्क पोहोंचतो. पौत्तिकाची गोष्ट याहून चमत्कारिक. काळी, डांसाएवढी, ढोलींत राहणारी, हें वर्णन पोयाच्या माशीस तंतोतंत लागतें. परंतु त्याच वर्णनांत ती फार पीडा देते असेंही म्हटलें आहे, आणि पोयाची माशी तर डंखच मारीत नाहीं. ग्रंथकारानें ऐकीव माहिती दिली, कीं पाठ भ्रष्ट आहे, हें हस्तलिखितांच्या प्रती ताडूनच ठरेल. ज्यांच्या संग्रहीं ‘भावप्रकाशा’ची जुनी प्रत असेल त्यांनीं वारिवर्ग व दुग्धवर्ग ओलांडून मधुवर्ग अवश्य पाहावा.

मधाच्या उपयोगाविषयीं थोडक्यांतच लिहितों. जखमेवर मध व तूप लावण्याचा उपचार सुश्रुतांत आहे. मिसरांत इ. स. पूर्वी सुमारें १६०० च्या पपायरसांत चरबी, मध व वनस्पतींचे तंतू यांचें जखमबंधन सांगितलें आहे. मध तापवूं नये असा वैद्यकाचा कडक दंडक. कारण असें देतात कीं, माश्या विषारी फुलांचाही रस आणतात. १९६३ सालीं अमेरिकेंतील संशोधकांनीं दाखविलें कीं, मधाच्या जंतुनाशक गुणाचा मोठा भाग त्यांत ग्लुकोज ऑक्सिडेज या किण्वामुळें उत्पन्न होणाऱ्या हायड्रोजन पेरॉक्साइडचा आहे, आणि उष्णतेनें हें किण्व नष्ट होतें. यावरून प्राचीनांस हें रसायन ठाऊक होतें असें अनुमान काढणें मात्र अप्रशस्त होय. त्यांनीं दिलेलें कारण निराळें होतें.

एका कलमाविषयीं मौन धरतां येत नाहीं. जातकर्मांत नवजात बालकास सुवर्णानें मध-तूप चाटविण्याचा विधि आश्वलायन गृह्यसूत्रांत आहे, चरक-सुश्रुतांतही आहे, आणि बाळघुटीच्या रूपानें तो बाडांत उतरला आहे. १९७६ सालीं अमेरिकेंत तान्ह्या मुलांस होणारा बॉट्युलिझम हा रोग ओळखला गेला व पुढें थोड्याच वर्षांत त्याचा मधाशीं संबंध सिद्ध झाला. मातींतील जंतूंचीं बीजें मधांत असूं शकतात. मोठ्या माणसास तीं बहुधा बाधत नाहींत. वर्षाच्या आंतील मुलाच्या आंतड्यांत तीं रुजून विष उत्पन्न करतात, आणि अंग लुळें पडून श्वास बंद होण्यापर्यंत मजल जाते. मध रानचा असो वा पेटींतला, शुद्ध असो वा नसो, यानें फरक पडत नाहीं. म्हणून घुटीचें कलम छापतांना मूळ अक्षर बदलूं नये, परंतु वर्षाच्या आंतील बालकास मध देऊं नये ही टीप त्याच पानावर द्यावी. ती परिशिष्टांत ढकलून चालणार नाहीं. घुटी उतरून घेणारा परिशिष्टापर्यंत जात नाहीं.